बदली येईपर्यंत

नलू गेल्याची बातमी मला तिच्या लेकीनं, मायानं, झाग्रेबहून दिली. नलू इथं कॅनडात किचनरच्या हॉस्पिटलात, मी शेजारच्या वॉटर्लूला मुलाच्या घरी, मध्ये गाडीनं जेमतेम पाव तासाचा रस्ता; आणि बातमी आली ती क्रोएशियाहून, महासागर ओलांडून. कोविडमुळे आत कुणालाच सोडत नव्हते, आणि फोन करायचा तो फक्त जवळच्या नातेवाइकाला. "विजूमावशी, आई इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मी काय बोलले ते आठवत नाही… बहुधा जेवलीस का, असंच काहीतरी विचारलं असावं.

नलू मूळची पुण्याची. तरुणपणी शिष्यवृत्तीवर शिकायला तेव्हाच्या युगोस्लाव्हियात गेली, तिथली भाषा शिकली आणि झ्वोंको नावाच्या इंजिनियरशी लग्न करून बसली. पुढे तो देश फुटला, लढाई पेटली, तेव्हा लहानग्या मायाला घेऊन दोघं किचनरला आली. इथं ती दुभाषी झाली. तिकडून पळून आलेल्या माणसांचं बोलणं कोर्टात, हॉस्पिटलात इंग्रजीतून सांगायचं, हे तिचं काम. आमची ओळख गणपतीच्या एका बैठकीतली. दोन माणसं एकदम बोलायला लागली, की बाईसाहेब टेबलावर पेन वाजवायच्या. "एकेक जण बोला हो, कुणाचंच काही कळत नाहीये!" मी नागपूरची, मला कोण गप्प करणार? पण तिच्यापुढे मीही गप्प बसायचे.

तिच्या धंद्याचा एक दंडक होता. मोठ्या बैठकांमध्ये दुभाषी काचेच्या बूथमध्ये जोडीनं बसतात. एक दमला की दुसरा माइक घेतो. पण बदली आल्याशिवाय माइक सोडायचा नाही. मग खोकला येवो, नाहीतर घरून फोन येवो. झ्वोंको गेला त्या दिवशी ही कोर्टात होती. बदलीला कुणी मिळेना, म्हणून साक्ष पुरी करूनच उठली. हे ती अभिमानानं सांगायची आणि मला राग यायचा. आता तर फारच येतो.

मायाही दुभाषीच झाली आणि बापाच्या देशात परत गेली. 'आम्ही जीव मुठीत धरून निघालो, आणि ही चालली परत,' म्हणून नलू कितीतरी दिवस धुसफुसत होती. पण यंदा जानेवारीत युरोपातल्या देशांच्या संघाचं अध्यक्षपद सहा महिन्यांसाठी क्रोएशियाकडे आलं, तेही पहिल्यांदाच. त्या कामासाठी मायाची निवड झाली आणि नलूचा नूरच पालटला. "विजू, माझं लग्न झालं तेव्हा नकाशावर हा देश वेगळा नव्हता गं. आता भलेभले यांच्या टेबलाशी येऊन बसणार, आणि तिथं माझी पोरगी बोलणार!" तिनं एप्रिलचं तिकीट काढलं. मागच्या रांगेत बसून, कानाला हेडफोन लावून मायाचं काम एकदा ऐकायचं, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी नवी साडी काढून फॉल लावायला माझ्याकडे दिली होती.

मार्चमध्ये सगळं ठप्प झालं. तिचं विमान रद्द, तिकडच्या बैठका स्क्रीनवर. नलूची फुप्फुसं आधीच अधू, त्यामुळे डॉक्टरांनी दाराबाहेर पाऊल टाकू नका म्हणून बजावलेलं. आठव्या मजल्यावरचा तो एवढासा कॉन्डो आणि ती. मी ग्रोसरी दारात ठेवून लिफ्टपाशी जाऊन उभी राहायचे, मग ती दार किलकिलं करून पिशव्या आत ओढायची. मी तरी कुठे मोकळी होते? मुलाच्या बेसमेंटमध्ये माझा मुक्काम, नातवंडं जिन्यावरूनच हात हलवायची. सकाळी नलू लॅपटॉपवर झाग्रेबची पत्रकार परिषद लावायची आणि मला फोन करायची. कुणा मंत्र्याचं बोलणं इंग्रजीत सांगणारा मायाचा आवाज यायचा, आणि नलू ते ऐकत ऐकत मला मराठीत सांगायची. "या कठीण काळात सर्व सदस्य देशांनी… ऐकलंस, घसा बसलाय तिचा. धड जेवत नाहीये." मला त्या कारभारातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिनं थांबू नये असं वाटायचं, कारण फोन ठेवला की बेसमेंटच्या भिंती अंगावर यायच्या.

मे संपता संपता तिचा दम वाढला. तिघींचा कॉल चालू असताना माया म्हणाली, "आई, आय ॲम कमिंग. कॅनेडियन पासपोर्ट आहे, दे'ल लेट मी इन."

"तुझ्या जागी कोण बसणार?" नलूनं विचारलं.

"नोबडी. माझी बूथमधली पार्टनर आजारी आहे. आय डोन्ट केअर!"

"मग बदली नाही. त्यांची पहिलीच वेळ आहे, अर्ध्यात उठायचं नाही. जून संपला की ये. मी कुठं पळून चाललेय?"

"नलू, हे कोर्ट नाहीये," मी म्हणाले.

"विजू, तू मध्ये बोलू नकोस."

शेवटी माया म्हणाली, "ओके, आई."

जून संपायच्या आतच नलू गेली. अंत्यविधीला आम्ही मोजकी माणसं, आणि माया स्क्रीनवर. त्या दंडकाचा मला अजून संताप येतो. स्वतः पाळला तो पाळला, पोरीलाही त्याच काचेत कोंडून ठेवलं. भांडायला आता ती नाही, म्हणून तो संताप गिळून बसावं लागतं.

माया अजून आलेली नाही. आता येऊन काय करू, म्हणते. कॉन्डोची किल्ली माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मी आवरायला गेले आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. "डोन्ट टच एनिथिंग, मावशी. फोन आईच्या खुर्चीसमोर ठेव, आणि तू बाहेर जा. प्लीज." मी टेबलावर फोन उभा केला, दार लोटून घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये जमिनीवरच बसले. मग माया बोलायला लागली. जन्मभर आईला अर्धीअधिक इंग्रजीतच उत्तरं देणारी ती पोरगी सगळं मराठीत बोलत होती, अडखळत, शब्द शोधत. शेवटची बैठक कशी झाली, अध्यक्षपद पुढच्या देशाकडे कसं गेलं, सगळ्यांनी एकमेकांचे कसे आभार मानले. "आणि आई… मी उठले नाही. शेवटपर्यंत बसले." लिफ्टमधून कुणीतरी उतरलं आणि मला रडताना पाहून लांबून वळसा घालून गेलं. आत ती बोलतच होती. फोन चार्जरला लावून ठेवला होता, तेवढं एक बरं केलं.