व्हर्लीनबाईंची टोपी

व्हर्लीन पिनॉकबाई तरुणपणी जमैकाहून बर्मिंगहॅमला आल्या, तेव्हाच त्यांच्या पासपोर्टवर कायम राहण्याचा शिक्का बसला. चर्चला घालायच्या टोपीच्या डब्यात तो पासपोर्ट आजवर सुखाने नांदला. आता सरकारला शिक्का चालेना, सगळं ऑनलाइन हवं. म्हणून मुलगी इव्हेट ऑनलाइन अर्जासाठी आपल्या फोनवर त्यांचा फोटो काढायला बसली, तर बाई जांभळी, पिसांची टोपी चढवून हजर!

"आई, टोपी काढ. फोन असला फोटो घेत नाही."

"सरकारपुढे बोडक्या डोक्याने बसू? फोनला वळण कुणी लावलंय की नाही?"

फोन काही बधेना. शेवटी बाईंनी टोपी उतरवली आणि पाद्रीबाबाही दचकले असते असा चेहरा केला. फोनला नेमका तोच पसंत पडला.

काही आठवड्यांनी मंजुरी आली.

"आण तो कागद, डब्यात ठेवते," बाई म्हणाल्या.

"कागद नसतोच आता. सगळं या फोनमध्येच बघायचं."

बाईंनी तिच्या हातातला फोन घेतला, डब्यात ठेवला, वर टोपी ठेवली आणि झाकण लावलं.

"अगं, माझा फोन आहे तो!"

"असू दे. उद्या मला हाकलायला कुणी दारात आलं, तर काय टोपी दाखवू?"