अर्धाच ऐकलेला निकाल

केझाया हॉगलंड खटला जिंकली ही बातमी नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठावर खुद्द केझायानेच आणली. त्यामुळे पुढे जो गोंधळ झाला त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय राहिली नाही.

डेलावेअर नदीचं पात्र वरच्या अंगाला जिथे थोडं आवळतं, तिथे तिची नाव चाले. सपाट बुडाची, एक घोडागाडी जेमतेम मावेल एवढी. नवरा ट्यूनिस लढाईत गेला, सासरा त्याच्याही आधी. उरली ती, नणंद हल्डा, नाव आणि काठावरचं घर. ते घरही सासऱ्याला तिथे एकट्याने नाव चालवायच्या हक्काबरोबर एकाच सनदेत मिळालेलं. हक्क गेला की घर गेलं. सनद इंग्लंडच्या राजाच्या गव्हर्नराची, आणि राजाला तर आता अमेरिकेतून सगळ्यांनी मिळून हाकलून दिलेलं.

सगळा घोळ इथेच होता. पैलतीरावर, पेनसिल्व्हेनियात, लूडविग स्ट्रोबेल नावाच्या जर्मनाने दुसरी नाव आणून बांधली. त्याचं म्हणणं, राजा गेला तशी त्याची सनदही गेली. मला माझ्या राज्याने परवाना दिलाय.

"राजा गेला म्हणून ट्यूनिसशी लागलेलं माझं लग्नही मोडलं का?" केझाया म्हणाली. "तेही राजाच्याच अमलात लागलं होतं."

यावर लूडविगला उत्तर सुचलं नाही. म्हणून खटला झाला.

दोघं दोन राज्यांतली, तेव्हा खटला नव्या राष्ट्राच्या न्यायालयात, ट्रेंटनला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तेव्हा अर्धं वर्ष घोड्यावर नाहीतर चिखलात असत, कारण गावोगाव फिरून खालची न्यायालयंही त्यांनीच चालवायची होती. ट्रेंटनला निघालेला न्यायाधीश केझायाच्याच नावेतून आला. तिच्याच चुलीपुढे त्याने बूट वाळवले, भाजलेला शॅड मासा मिटक्या मारत खाल्ला, आणि ट्रेंटनला जाऊन तिच्या बाजूने निकाल दिला. लूडविगने माशाचा म सुद्धा काढला नाही. त्याने वर अपील केलं.

"वर म्हणजे कुठे?" केझायाने ॲब्नर पिट्सला विचारलं. ॲब्नर खोगिरं शिवायचा आणि गावचा मॅजिस्ट्रेटही तोच होता.

"फिलाडेल्फियाला. सर्वोच्च न्यायालयात."

"तिथे कोण बसतं?"

"सहा न्यायाधीश. त्यातला एक तुझा मासा खाऊन गेलेला."

"म्हणजे तो बरोबर होता की चूक, हे तोच सांगणार?"

"बाकीचे पाच आहेत की."

"मग हा तिथे कशाला बसतो?"

ॲब्नरने टाका ओढून घेतला. "मला काय विचारतेस बाई? न्यायालय नवीन आहे. शिकतायत अजून."

"माझ्या घरावर शिकतायत का!"

पहिल्या खेपेला ती फिलाडेल्फियाला गेली तेव्हा एक न्यायाधीश बर्फात अडकलेला, दुसरा तापाने पडलेला, तिसरा राजीनामा देऊन मोकळा झालेला. उरलेले तिघे आले, बसले, एकमेकांकडे पाहिलं आणि उठून गेले. तिघांनी काम चालत नाही म्हणे. हल्डा म्हणाली, "वहिनी, तीन माणसांत आपण नाव चालवतो, गाईचं बाळंतपण करतो, मढं उचलतो. यांना न्याय का येत नाही?" केझायालाही तेच कळत नव्हतं.

पुढल्या खेपेला सहाही जण हजर. वकील भांडले. मग निकालाचा दिवस उजाडला. सहा झगे ओळीने बसले आणि कडेचा, सगळ्यांत नवा न्यायाधीश बोलू लागला. तो बराच वेळ बोलला. केझायाला त्यातलं फार थोडं उमगलं, पण शेवट स्वच्छ ऐकू आला: राजा बदलला म्हणून रयतेची मालमत्ता जात नाही, हक्क हॉगलंडबाईंचा.

गावात ॲब्नर एकदा बोलला की विषय संपत असे. लोक टोप्या घालून निघत. केझायाही उठली, गुडघे वाकवून अदब दाखवली, हल्डाला कोपराने ढोसलं आणि चालू लागली. ट्रेंटनची गाडी दुपारी सुटत होती. दारातल्या माणसाने अडवलं नाही. उलट वाकून दार उघडलं. वकिलाला विचारून जावं असं हल्डाने सुचवलं. "वकिलाला विचारलं की तो बोलतो," केझाया म्हणाली, "आणि तो बोलला की गाडी चुकते."

तिला काय ठाऊक, की इथे सहाच्या सहा जण आपापला निकाल वेगळा सांगतात, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत!

त्याच दिवशी लूडविगच्या गाडीचं चाक मोडलं. तो धापा टाकत पोचला तेव्हा थोरले न्यायाधीश शेवटचे बोलत होते. त्यांच्या मते राजाची सनद राजाबरोबर गेली. लूडविगही वकिलाला न विचारताच खूश होऊन घरी आला.

मग बर्फ वितळलं, रस्ते बुडाले, वकील राहिले फिलाडेल्फियात. दोन्ही काठांवर दोन जेते. दोघांनीही पाहुण्यांना सफरचंदाची दारू पाजली. दोन्ही नावा चालत होत्या आणि नदीच्या मध्यावर रोज तेच.

"बाई, जिंकलो मी! कानांनी ऐकलंय!"

"माझे कान काय नुसते डूल अडकवायला आहेत?"

ॲब्नर दोघांचंही ऐके आणि डोकं खाजवे. दोघंही खोटं बोलणारी नव्हती, हीच तर पंचाईत. केझायाने भाजीचे वाफे केले आणि बी तसंच ठेवून दिलं. घर राहणार की जाणार, हे कळल्याशिवाय पेरायचं कुणासाठी?

एप्रिलमध्ये पैलतीरावर नाव बोलवायचं शिंग वाजलं. मासा खाऊन गेलेला तोच न्यायाधीश, पुन्हा ट्रेंटनला निघालेला, गुडघ्यापर्यंत चिखलात. लूडविगची नाव त्याच्या पायाशीच होती, तरी केझाया अख्खी नदी कापून पोचली सुद्धा.

"या साहेब, बसा," लूडविग म्हणाला.

"थांबा!" केझाया ओरडली. "आधी सांगा, कुणाच्या नावेत बसायचं तुम्ही?"

न्यायाधीशाने पिशवी खाली ठेवली. मग चक्क बोटं मोजली. "तिघे तुमच्या बाजूने, बाई. तिघे यांच्या."

"मग जिंकलं कोण?"

"कुणीच नाही. म्हणजे, तुम्ही. खालचा निकाल मोडायला चार जण लागतात. चार झाले नाहीत, म्हणून खालचा कायम. नाव तुमची, घर तुमचं."

"आणि राजाची सनद चालते?"

"ते ठरलं नाही."

"माझी चालली ना?"

"तुमच्यापुरती. उद्या दुसरं कुणी सनद घेऊन आलं, तर त्याला पुन्हा विचारावं लागेल."

केझायाने वल्ह्यावर हनुवटी टेकली. घर वाचलं हे तिला कळत होतं, पण आनंद कुठून सुरू करावा हे कळत नव्हतं.

लूडविग सावकाश म्हणाला, "साहेब, खालचा निकाल दिला कुणी?"

"मी."

"आणि वरच्या तिघांत?"

न्यायाधीश पाण्याकडे बघू लागला. "मीही होतो. तशी रीतच आहे."

"तरी मला वाटत होतं," लूडविग म्हणाला, "त्या माशाबद्दल तेव्हाच बोलायला हवं होतं."

न्यायाधीश केझायाच्या नावेत बसला. वाटेत त्याने रीत कशी चुकीची आहे, आम्हीच सरकारकडे तक्रार केली आहे, असं काहीसं सुरू केलं, तर केझाया म्हणाली, "पाय आत घ्या, भिजतील."

घरी त्याने बूट चुलीपुढे ठेवले. हल्डा टोपलीतला शॅड साफ करायला घेत होती. केझायाने तिच्या हातून सुरी काढून घेतली, टोपलीवर फडकं टाकलं आणि न्यायाधीशापुढे मक्याची भाकरी आणि ताक ठेवलं.

"या वर्षी मासा आला नाही वाटतं?" त्याने विचारलं.

"आलाय," केझाया म्हणाली. "लूडविगलाही देणार आहे. तो समोर बसल्याशिवाय आता तुम्हाला वाढणार नाही."