बोंबलासाठी व्हॅक्यूम क्लीनर

रघुआबा पेडणेकर केळीवाल्याकडून डझनभर केळी आणतात, घरी येऊन पुन्हा मोजतात आणि बाराच्या बारा भरली की जास्तच बेचैन होतात. सरळ बारा दिली, म्हणजे त्यातली चार आतून काळी असणार. हा स्वभाव काही आभाळातून पडलेला नाही. मोठ्या संपानंतर एकोणीस वर्षांचे असताना ते गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. उद्या काम आहे की नाही, हे फाटकावर गेल्याशिवाय कळायचं नाही. पुढे गिरणी बंद होणार नाही असं ज्यांनी ज्यांनी शपथेवर सांगितलं, त्या सगळ्यांनीच ती बंद केली. नंतर आबा कॉटन ग्रीनच्या गोदामात वजनकाट्यावर बसले, आणि माणूस काटा किती तऱ्हांनी मारू शकतो याचं उरलंसुरलं शिक्षण तिथे झालं.

एवढ्या मोठ्या मुंबईत आबांचा विश्वास फक्त दोन जिवांवर. बोंबील नावाचा पिवळा बोका आणि सुंगट नावाची करडी मांजर. बोंबील चोर आहे हे आबाही मान्य करतात. पण तो तोंडावर चोरतो, पाठीमागे काही करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि नेमकी या दोघांवरच पाळी आली. आबांची नात श्रेया, आठ वर्षांची, पावसाळ्यानंतर रोज सकाळी उठली की शिंकायला लागायची, मग खोकला, मग छातीत शिट्टी. आबांची सून अनुजा तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने सांगितलं की घरात धूळ आणि केस नकोत, असं डॉक्टर म्हणाले. बाराव्या मजल्यावरची तीनशे फुटांची जागा, त्यात चार माणसं आणि दोन मांजरं. केस कुठून येतात ते सांगायला डॉक्टर कशाला हवा. आबांचा मुलगा धनेश मान खाली घालून म्हणाला की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर मांजरं अनुजाच्या भावाकडे विरारला नेऊन सोडू.

आबांना आधी डॉक्टरचा संशय आला, मग विरारच्या भावाचा. त्याच्याकडे कुत्रा आहे, हे बोलताना कोणी काढलं नव्हतं. पण श्रेयाच्या छातीतली शिट्टी त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकली होती, तिच्यावर संशय घेता येईना. केस घालवायचं मशीन मी आणतो, एवढंच ते म्हणाले.

धनेशने फोनवर चार मशीनं दाखवली. प्रत्येकाखाली शेकडो लोकांनी पाच पाच तारे दिलेले. आबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, हे सगळे एकाच दिवशी कसे काय खूश झाले? फोन बंद झाला. आबा चालले दादरला.

तिथल्या मोठ्या दुकानात हितेंद्र नावाचा तरुण विक्रेता होता. गोड बोलणारा, म्हणजे सुरुवातच वाईट. त्याने गालिच्यावर खायचा सोडा सांडला आणि दिवे लागणाऱ्या चकचकीत मशीनने तो गट्टम करून दाखवला. आबांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात बोंबलाचे आठवड्याचे केस होते. ते गालिच्यावर पसरून त्यांनी पायाने नीट रगडले. मग दुसऱ्या खिशातून ओला करून पिळलेला काळा फडका काढला, आणि हितेंद्र पुढून केस ओढत असताना हे मशीनच्या मागे, जिथून हवा बाहेर पडते तिथे, फडका धरून उकिडवे बसले.

ही गिरणीतली विद्या. कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात हवेत उडणारी रुई ओढून घेणारे पंखे असत, आणि आबांच्या मुकादमाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मशीन काय गिळतं ते बघू नको, मागून काय ओकतं ते बघ. चकचकीत मशीनने काळा फडका मिनिटभरात राखाडी करून दिला. दुसऱ्यानेही तेच. तिसरं आपोआप फिरणारं, ते तर केस चाकात गुंडाळून जागीच गप्प झालं. चौथं मशीन जुन्या धाटणीचं, डब्यासारखं बसकं, आत कापडी पिशवी आणि धुता येईल असा फिल्टर. दिसायला अगदीच भिकार, पण फडका काळाच राहिला. किंमतही पेन्शनीला परवडणारी. हितेंद्रने लगेच मान डोलावली, हेच घ्या काका. आणि इतक्या पटकन तो हो म्हणाला म्हणून आबांनी ते घेतलं नाही.

तिथून ते कॉटन ग्रीनला आले. गोदामाच्या दिवसांपासून ओळखीच्या धम्मपालचं तिथे मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. तुझ्याकडे कोणती मशीनं येतात, असं आबांनी विचारलंच नाही. कोणती येत नाहीत ते विचारलं. धम्मपालने मान वर न करता हातातल्या स्क्रूड्रायव्हरने फळीवर दाखवलं. तसलंच डब्यासारखं मशीन, चौदा वर्षं जुनं, आजवर दोनदा आलेलं, दोन्ही वेळा फक्त मोटारीचे कार्बन बदलायला. पार्ट गल्लीत मिळतात, म्हणाला.

हितेंद्र दादरला तेच सांगतो आणि धम्मपाल इथे तेच सांगतो, म्हणजे दोघे आतून मिळालेले. आबांनी तसं तोंडावर विचारलं. धम्मपाल हसला.

"आबा, माझं पोट मशीन बिघडण्यावर आहे. मी तुम्हाला न बिघडणारं सांगतोय. यात माझा फायदा काय, तो तुम्हीच शोधून काढा."

आबांनी तीन दिवस शोधला. सापडला नाही, तेव्हा नाइलाजाने मशीन घरी आलं.

पहिल्या दिवशी सुंगट कपाटावर चढली आणि बोंबील शेजाऱ्यांकडे जेवायला गेला. आबा रोज सकाळी सोफा, पडदे, चटया, पंख्याची पाती, सगळं ओढून काढत. अनुजाही म्हणाली, घर लख्ख झालं. पण सकाळी श्रेया उठली की शिट्टी होतीच. दिवाळीला बारा दिवस राहिले. आबांचा संशय आता सगळ्यांवर फिरून आला. औषध देताना विसरतात की काय, शाळेत काही खाते की काय, आणि एकदा तर, सांगायलाही लाज वाटते, सुनेला मांजरं घालवायचीच असतील म्हणून ती मुद्दाम कुठे केस झटकत असेल की काय, इथपर्यंत.

शेवटी एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी चोरच पकडायचं ठरवलं. एका जागेला एक स्वच्छ काळा फडका. आधी सोफा नुसत्या हाताने थोपटला, वर फडका धरला. चार पिवळे केस. मांजरांच्या टोपलीजवळ मूठभर केस, पण धूळ नाही. मग ते स्वतःच्या कॉटकडे आले. ती गादी त्यांच्या लग्नातली, गिरणीतून सवलतीत मिळालेल्या रुईची, बायको गेल्यावरही त्यांनी ती बदलू दिली नव्हती. श्रेया दोन वर्षांची असल्यापासून आजोबांच्या कुशीत त्याच गादीवर झोपते. आबांनी गादीवर एक थाप मारली आणि फडका धरला.

फडका पांढराफेक झाला.

आबा त्याच्याकडे बघत राहिले. ही धूळ त्यांना कोणी ओळखून द्यायला नको होती. चाळीस वर्षांत कुजून भुगा झालेली रुई. कार्डिंग खात्यातली माणसं सोमवारी सकाळी कामावर चढली की अशीच खोकायची, अशीच छातीत शिट्टी वाजायची, आणि त्यातले दोघे त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच खोकल्याने गेले होते. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली. फडका धुऊन टाकला असता तर कोणालाही कळलं नसतं. तसा विचार त्यांच्या मनात येऊनही गेला.

अनुजा कामावरून आली तेव्हा ते फडका मांडीवर घेऊन बसले होते.

"बोंबलाचो काय्येक दोष नाय," ते म्हणाले. "ह्यां सगळां माझ्या गादीतलां."

अनुजाने फडका पाहिला. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही, आणि ते आबांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, तुला ठाऊक होतं?

अनुजाने पर्स खाली ठेवली.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मुलगी कशावर झोपते. मी घरी येऊन काय सांगणार होते, आबा? तुम्ही म्हणाला असता, सासू गेली, आता सुनेला म्हाताऱ्याची गादीपण बाहेर काढायचीय. म्हणून म्हटलं, मांजरांवर घालू. मांजरं तरी माझ्यावर संशय घेणार नाहीत."

तिच्या बोलण्यात कुठे खोट सापडते का हे आबांनी सवयीने आधी पाहिलं. कुठेच नव्हती. असंच म्हणालो असतो मी, शब्दसुद्धा हेच असते, एवढं मात्र त्यांना अगदी खात्रीने कळलं.

उठून त्यांनी गादीचं एक टोक धरलं.

"दुसऱ्या बाजूने धर," ते म्हणाले. "पोरगी क्लासवरून यायच्या आत खाली नेऊया."