नदी उजव्या हाताले

...तं लिव, नुसता पेन झटकत बसू नको. मानीबाईच्या भावाच्या पोरीचं, मोतीचं, लगन होतं. बासष्ट सालचा चैत. नवरी निंगायच्या आधी तिच्या केसात चांदीची घुगरी फुफीनंच, म्हंजे आत्यानंच, बांधाची, असी त्या तांड्याची रीत. अन् घुगरी मानीबाईच्या ओटीत. ती येळेवर पोचली नाई तं पोरगी रिकाम्या केसानं सासरी जाणार.

संग तिचा नवरा गुलाबसिंग. तीन वर्साआधी मोठा पूर आलता, तवापासून हे दोघं तिकडं गेलेच नव्हते. भावानं निरोप धाडलता, तांडा आता टेकडीवर हाय म्हणून.

"इथंच वलांडू," गुलाबसिंग म्हणे. "पुरात नदीनं रस्ता बदलला."

"नदी कायले रस्ता बदलवन? माहा बाप बैलावर मीठ लादून जाये तो नदी उजव्या हाताले धरूनच. टेकडी डाव्या हाताले येते."

चालले बाप्पा. काळ्या वावरात मधीच पांढरी रेती, रेतीत टरबुजाचे वेल. बाभळीच्या शेंड्यात पुरातलं गवत अजून अडकलेलं. कोण्या घरचं जातं वाहून येऊन उलटं पडलं होतं, त्यावर बकरी उभी. मानीबाई जागोजागी थांबून पाहे.

"लगन आपल्यासाठी थांबून नाई राह्यलं," नवरा म्हणे.

मंग टेकडी दिसली. उजव्या हाताले, पाण्याच्या पल्याड. नदीनं टेकडीच्या अल्याडून नवं पात्र काढलं होतं.

वाडीवाले विठ्ठलराव तिथं टरबुजं तोडून राह्यले होते. ते म्हणे, "बाई, लौकर जा. नवरी सकाळपासून बैलावर उभी राहून रडून राह्यली, उतरतच नाई."

मानीबाई समजली. बैलावर उभी राहून नवरी हवेली म्हणते, गाऊन रडून म्हायेराचा निरोप घेते. ते सरल्याबिगर तिले कोणी नेत नाई. मोती फुफीसाठी लांबवून राह्यली होती.

घागरा खोचून मानीबाई पाण्यात शिरली.

"आता नदी कोण्या हाताले धरू?" मांगून गुलाबसिंग म्हणे.

"गुमान माहा हात धर."

वर पोचले तं मोतीचा गळा बसलेला. माय झाली, चूल झाली, बकऱ्या एकएक नाव घेऊन झाल्या, आता शेजारच्या मांजरीसाठी रडणं चालू होतं. नवरदेवाचा बाप घामाघूम. बैल खाली बसाले पाहे. फुफी दिसली अन् पोरगी रडता रडता हासली. मानीबाईनं ओल्या हातानंच घुगरी बांधली.

तू राळेगावले जाशील तं हा कागद मोतीबाईले दे. म्हणाव, बकऱ्यांची तीनच नावं माह्या आजीले आठवते, बाकीची तुमीच खाली लिवून द्या.