कोर्टाचं वाळवण

नवऱ्याच्या नोकरीपायी प्रतिमा देवपुजारी नागपूरहून अमेरिकेत, पार्सिपनीला आल्या. मुलं शाळेत गेली की घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी काउंटी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी धरली. तळघरात शंभर-सव्वाशे वर्षांची कागदपत्रं होती: मृत्युपत्रं, इस्टेटींच्या वाटण्या, पोरक्या मुलांना कोर्टानं नेमून दिलेल्या पालकांच्या नोंदी. प्रतिमाताई ती लावता लावता वाचत आणि जेवताना नवऱ्याला सांगत.

"अहो, त्या मार्थाला शेवटी मामानं घरी नेलं. बरा वाटतोय माणूस."

"कधी?" गिरीश विचारत.

"अठराशे एकोणसत्तरमध्ये."

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या जानेवारीत थंडीनं तळघरातला पाइप फुटला. मृत्युपत्रांची मायक्रोफिल्म झालेली होती, पालकांच्या कागदांची नव्हती, आणि नेमके तेच भिजले.

"दोन दिवसांत बुरशी धरेल," साहेबीण मिसेस डॉयल हताशपणे म्हणाल्या. "एवढे कागद वाळवायला जागा कुठे आहे? टाकूनच द्यावे लागतील."

"जागा मी बघते," प्रतिमाताई म्हणाल्या आणि त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या नंदाताईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

"कॅन्सल नका करू, नंदाताई. फक्त सगळ्यांना टेबलफॅन आणि जुनी सुती पातळं आणायला सांगा."

"हळदीकुंकवाला पंखे? कशाला गं?"

"वाळवण घालायचंय. कोर्टाचं!"

शनिवारी काळ्या साड्यांचे पदर खोचून बायका कामाला लागल्या. टेबलांवर पातळं अंथरली, पंखे सुरू केले. प्रतिमाताईंनी ओला कागद कसा सोडवायचा ते दाखवलं: ओढायचा नाही, खाली हात सरकवून अलगद उचलायचा. मिसेस डॉयल सुरुवातीला दारातच धास्तावून उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्याही बाह्या सरसावून आत आल्या.

पसरता पसरता बायका वाचायला लागल्या. एका पालकानं लिहून दिलं होतं, पोरीला बूट घेतले, केसांना रिबन घेतली, नाताळात संत्रं दिलं.

"आणि शाळा?" नंदाताई ओरडल्या. "शाळेत घातलं का तिला? पुढचं पान कोणाकडे आहे?"

सगळा हॉल पान शोधायला लागला. ते मंडळातल्याच वीणाच्या पंख्यासमोर सापडलं. पोरगी शाळेत गेली होती! बायकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस डॉयलना कुंकू लावून तिळगूळ दिला. त्यांनी तो कडाकडा चावला आणि आणखी मागितला.

रविवारी संध्याकाळपर्यंत कागद सुकले. थोडे गेले, बाकीचे सुरकुतलेले का होईना, पण वाचले.

एप्रिलमध्ये एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात आले. लहानपणीच पोरकी झालेली त्यांची आजी कोणाच्या घरी वाढली, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. प्रतिमाताईंनी कागद काढून समोर ठेवला. गृहस्थांनी पालकाचं नाव मोठ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, मग लगबगीनं बाहेर गेले आणि गाडीत बसलेल्या बायकोला हाताला धरून आत घेऊन आले.