जावेच्या नावावरचा पॉलिप

सांगू की नको, असं अजूनही होतं. पण अख्ख्या गावाला माहीत झालंय, मग तुम्हीच कशाला उरता?

मी मूल तालुक्यातल्या एका खेड्यातली आशा सेविका. बारा वर्षं घरोघर फिरून बायांना दटावते आहे, पाळी सोडून मधेच अंगावरून गेलं तर लपवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि माझंच मधे जायला लागलं तेव्हा मी काय केलं? पाच महिने गप्प बसले! माझ्या मावशीचं असंच सुरू झालं आणि ती कॅन्सरने गेली. तपासलं की तेच निघणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

शेवटी घागर उचलली की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा गेले. पण जवळच्या दवाखान्यात सगळ्या सिस्टर मला ओळखतात ना! म्हणून थेट चंद्रपूर गाठलं. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, वंदना. वंदना म्हणजे माझी धाकटी जाऊ. सकाळीच तिच्याशी वाळत घातलेल्या मोहफुलांवरून वाजलं होतं, तिचंच नाव जिभेवर होतं. गाव मात्र खरं सांगितलं. फोन नाही, असं सांगितलं. केवढी हुशार मी!

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला पॉलिप आलाय, म्हणजे मऊसा कोंब. बहुतेक वेळा साधाच असतो, पण जाऊन जाऊन तुमच्या अंगात रक्त उरलेलं नाही. गुरुवारी या, दुर्बिणीने काढू आणि तपासायला पाठवू.

मी फक्त 'बहुतेक' ऐकलं. हे सगळं मीच बायांना चित्रं दाखवून समजावते हो! पण बाहेर आले आणि एसटी पकडली. गुरुवारी गेलेच नाही.

शुक्रवारी गटप्रवर्तक ताईंचा, म्हणजे आम्हा आशांवर देखरेख ठेवणाऱ्या बाईंचा, फोन आला. तुमच्या गावची वंदना ऑपरेशन टाळून घरी बसलीय, दवाखान्यातून निरोप आहे, तिची समजूत काढा. मी म्हटलं, फार हट्टी बाई आहे ती, माझं ऐकायची नाही.

मग मीच येते, म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी खरंच आल्या!

मला पुढे घालून वंदनाच्या अंगणात शिरल्या. मले काई झालं नाई, वंदना म्हणाली. सगळ्या असंच म्हणतात, ताई म्हणाल्या, पण पोटात कोंब दिसलाय, काढावाच लागेल. आता पंचाईत बघा. वंदना गेल्याच महिन्यात शिबिरात पोट दाखवून आली होती. तिला वाटलं, त्याचाच हा निकाल. हातातली मोहाची टोपली टाकून ती मटकन खाली बसली. शेजारणी जमल्या. ताई मला म्हणाल्या, अहो, तुम्ही समजवा ना हिला!

मी खाली बसून सांडलेली मोहफुलं गोळा करायला लागले.

वंदनाने माझा हात घट्ट धरला. "बाई, मी मेली तं माह्या पोरीले पाहाल ना तुम्ही?"

सकाळ-संध्याकाळ माझ्याशी भांडणारी ही बाई! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"वंदना, ते दुखणं माहं हाय," मी म्हणाले. "नाव तेवढं तुहं सांगतलं."

वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरते. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "किती दिवसापासून जाऊन राह्यलं?"

पाच महिने म्हटल्यावर मात्र मला जे ऐकावं लागलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

सोमवारी तीच मला घेऊन गेली. ना चिरा, ना टाका, संध्याकाळी मी चहा पीत होते. खरी भीती तर नंतर. निकाल यायला आठ-दहा दिवस. मावशीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. वंदना रोज येऊन नुसती बसायची. निकाल साधा आला तेव्हा आम्ही दोघी रडलो.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत बायांची बैठक होती. मी नेहमीच्या तोऱ्यात उभी राहिले आणि सांगितलं, असा त्रास असेल तर घाबरायचं नाही, तडक दवाखान्यात जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मागून वंदना उठली.

"बायांनो, जासान तं नाव आपलंच सांगजा."