सख्खी चुलत बहीण

माझ्या नवऱ्याला एक बहीण आहे आणि ती त्याची बहीण नाही. लग्न झाल्यापासून मी हे समजून घेते आहे, तेव्हा तुम्हाला पहिल्या फटक्यात कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

लतिका ही एकनाथची धाकटी सख्खी बहीण. त्यांच्या काकांना मूलबाळ नव्हतं. काका-काकू अमेरिकेला जायला निघाले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ठरवलं आणि सात वर्षांची लतिका त्यांना दत्तक देऊन टाकली, अगदी रीतसर, रजिस्ट्रारसमोर. त्या दिवसापासून सख्खी बहीण चुलत झाली आणि जन्मदात्री आईला काकू म्हणायचं, असं तिला बजावण्यात आलं. सात वर्षांच्या पोरीला! बरं, ही इतकी हट्टी की मोठी झाल्यावर सगळे विनवत असतानाही काकूच म्हणत राहिली. माझ्या सासूबाईंनी शेवटच्या आजारात फोनवर सांगितलं, मला एकदा आई म्हण गं. तर ही म्हणाली, काकू, औषधं वेळेवर घ्या. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. थोडा अजून आहे.

एकनाथला मात्र ती दादा म्हणायची. चुलत भावालाही दादाच म्हणतात, त्यामुळे तिथे तिची सोय होती.

लतिकानं जर्सी सिटीतच उभा जन्म काढला. लग्न टिकलं नाही, मूल नाही. डे-केअरमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळून पाठ कामातून गेली. मग तिची बिल्डिंग विकली गेली आणि भाडं असं वाढलं की तिथे राहणं अशक्य झालं. कित्येक वर्षं रांगेत राहिल्यावर घरभाड्याचं सरकारी व्हाउचर तेव्हाच तिला मिळालं. म्हणजे भाड्याचा मोठा वाटा सरकार भरतं, पण ठरलेल्या मुदतीत घर शोधावं लागतं. नाहीतर व्हाउचर जातं. ती फोन करायची, व्हाउचरचं नाव काढायची आणि ती जागा नेमकी आत्ताच गेलेली असायची.

आम्हीही पुढे त्याच गावात येऊन राहिलो होतो, आमचं घर दोन मजली. खालचा मजला रिकामाच होता. एकनाथ म्हणाला, फुकट राहा, बहीण आहेस. ती ऐकेना.

"एकदा दुसऱ्यांच्या घरी ठेवलंय मला, दादा. आता कुणी ठेवायचं नाही. लीज करून येईन. माझं दार, माझी किल्ली."

तर आम्ही तिघं व्हाउचर देणाऱ्या हाउसिंगच्या ऑफिसात गेलो. समोरची बाई चांगली होती, हसतमुख. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तिथे आमच्या एकनाथरावांना कंठ फुटला. आपल्या माणसांना कुणाची नुसती ओळख करून देता येत नाही. चुलत, मावस, आते, सगळं विस्तारानं सांगावं लागतं. त्यानं छाती फुगवून इंग्रजीत सांगितलं की ही नुसती बहीण नाही, माझी सख्खी बहीण आहे.

बाईचे हात कीबोर्डवर थांबले. तिनं समजावलं की घरमालकाला स्वतःचे आईवडील, मुलं, आजीआजोबा, नातवंडं किंवा सख्खी भावंडं या व्हाउचरवर ठेवता येत नाहीत. चुलत भावंडं चालतात.

मग एकनाथ घाईघाईनं म्हणाला की ती चुलतच आहे. म्हणजे आमची आई एकच, पण ती तिची काकू. बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी, ते माझं मलाच कळलं नाही. तिनं वरिष्ठांना बोलावलं. ते गृहस्थ कागदावर आमचा वंशवृक्ष काढायला बसले. दोनदा खोडला आणि शेवटी म्हणाले, दत्तकाचे कागद आणा, आमचे वकील बघतील.

घरी येताना मी एकनाथला फैलावर घेतलं. गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, सख्खीला सख्खी म्हणायचं नाही का? तेही खरंच होतं, म्हणून मी आणखी चिडले.

कागद पाहून वकिलांनी सांगितलं की दत्तक पूर्ण आहे, कायद्यानं ही दोघं चुलत भावंडं. फक्त मालकानं तसं समक्ष सांगून सही करायची. व्हाउचरची मुदत संपत आली होती. आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर जाऊन बसलो.

वरिष्ठांनी सरळ विचारलं, "ही तुमची बहीण आहे का?"

एवढंसं उत्तर, पण एकनाथच्या तोंडून निघेना. तो टेबलाकडे पाहत राहिला. लतिकाही त्याच्याकडे न बघता पर्सचा बंद पिळत बसली होती. मला दोघांचंही वाईट वाटत होतं आणि कुणाची बाजू घ्यावी ते सुचत नव्हतं. बाजू तरी कुठे होती!

"नाही," तो म्हणाला. "माझी बहीण नाही."

त्यानं सही केली. बाईनं हसून अभिनंदन केलं. घर मिळालं.

एकनाथचे डोळे भरून आले होते, म्हणून गाडी मीच चालवत होते. लतिका मागे बसली होती. तिला आनंद झालाय की अपमान वाटलाय, आरशातून काही कळत नव्हतं. सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, त्या रजिस्ट्रारनंही विचारलं असेल ना रे?"

"काय?"

"ही तुमची मुलगी का, म्हणून. आईला पण तुझ्यासारखाच वेळ लागला असेल?"

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी गाडी पुढे न्यायचं माझ्या लक्षात आलं नाही.